बाईंचं कोरं पाणी

कुणाच्याही घरी गेल्या की बाई उंबऱ्याबाहेर थांबायच्या. दोन्ही हात पुढे, तळवे उघडे, पाय जुळवलेले, आणि तोंडातून चकार शब्द नाही. ओळखीची माणसं आपली कामं करत राहत, पण नव्या माणसाला वाटे, बाई काहीतरी मागतायत. मग कुणी हातावर साखर ठेवी, कुणी प्रसाद. एका घरात तर बारशाच्या दिवशी आजीबाईंनी तान्हं पोरच त्यांच्या हातात दिलं. बाईंनी ते घाबरून घट्ट धरलं, आणि पोर त्यांच्या अंगावर ओलं झालं. त्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "आता मी आत येऊ शकत नाही."

त्याचं कारण मला पुढे कळलं. बाईंची सगळी नोकरी अणुभट्टीच्या कचऱ्यात गेली होती. किरणोत्सारी सांडपाण्यात काय आहे आणि किती आहे, ते मोजायचं काम. तिथून बाहेर पडताना दरवाजात एक यंत्र असे. त्याच्यावर पाय ठेवून हात आत घालायचे आणि हिरवा दिवा लागेपर्यंत हलायचं नाही. उभी हयात ते केल्यावर निवृत्तीचे कागद मिळाले म्हणून काय हात ऐकतात? आमच्या कट्टा गावातल्या घरांना हिरवा दिवा नव्हता, म्हणून बाई आपल्या मनाने तो लावून घ्यायच्या आणि मग चपला काढायच्या.

मी त्यांची भाडेकरू. मूळची जामसंड्याची, पण ओरोसला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि राहायला जागा मिळाली कट्ट्याला, बाईंच्या माडीवर. जागा बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं नाव-गाव विचारायच्या आधी विचारलं, "पिपेट तोंडाने ओढतेस का?" मी म्हटलं, नाही, रबरी फुगा लावते. "मग राहा," म्हणाल्या. झाली मुलाखत.

गेल्या वर्षी बाई गेल्या. त्यांच्या बहिणीने गोव्याहून येऊन सगळं आवरलं आणि मला म्हणाली, तुला काय हवं ते घे. मी मिठाचा तराजू मागून घेतला. तो तराजू म्हणजे माझ्या छळाचं मुख्य साधन. बाई स्वयंपाक करताना चव घेत नसत. हात तोंडाशी न्यायचा नाही, हा त्यांचा धर्म, रविवारच्या चर्चमधल्या मिस्साइतकाच पक्का. म्हणून मीठ तोलून, कोकमं तोलून, तिरफळं मोजून. बांगड्याचं तिखलं वर्षभर असं एकसारखं होई, की बाजारातून आणलेल्या बांगड्याचीच मला दया यायची. एकदा न राहवून मी म्हटलं, बाई, आज जरा चुकवा ना काहीतरी. तर त्या खरोखर विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "किती चुकवू?"

कट्ट्याच्या बाजारात दुकानदार पिशवी उघडायला तिच्यात फुंकर मारतात, हे बाईंना मुळीच खपत नसे. "माझ्या साखरेत तुझा श्वास नको रे बाबा," असं त्या इतक्या गंभीरपणे सांगत की दुकानदार बिचारा त्यांना बघितलं की आधी हात पुसून घेई. घरातल्या प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी: आत काय आहे, कधी भरलं, कुणी भरलं. माझ्या खोबरेल तेलाच्या बाटलीवरसुद्धा माझं नाव आणि तारीख. चिठ्ठी नसलेली बाटली म्हणजे खोटं बोलणारं माणूस, असं त्यांचं म्हणणं. गावाने त्यांना नाव ठेवलं होतं फिल्टरबाय. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगू, आवडतही होतं.

पण बाईंच्या जिवाचा खरा विसावा म्हणजे कोरं पाणी. आमच्या धंद्यातली ही साधी रीत आहे. एखाद्या पाण्यात घाण किती ते बघायचं असेल, तर त्याच्याबरोबर एक अगदी शुद्ध पाण्याचा नमुनाही त्याच बाटल्यांतून, त्याच रसायनांतून, त्याच हातांनी न्यायचा. त्यातही काही सापडलं तर ती घाण पाण्याची नव्हे, आपली. आपल्या बाटलीची, आपल्या हाताची. ती वजा करायची. आम्ही हे करतो, पण कंटाळत करतो. बाई ते श्रद्धेने करत, आणि फक्त पाण्याच्या बाबतीत नाही.

एकदा एक स्थळ मला बघून गेलं आणि नकार कळवला. मुलगा काही मला आवडला नव्हता, तरी मी माडीवर जाऊन भोकाड पसरलं. बाई वर आल्या. डोक्यावरून हात फिरवणं वगैरे त्यांना जमायचं नाही. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि विचारू लागल्या, दुपारी जेवलीस का? नाही. काल झोप झाली का? नाही. ऑफिसात कुणी बोललं का? होय, साहेब बोलले. "मग ते सगळं आधी वजा कर," म्हणाल्या, "आणि उरलेलं रडू त्या मुलासाठी रड." वजा करून बघितलं तर रडण्यासारखं फारसं काही उरेना. मला हसूच आलं. बाईंना मात्र त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही, त्या खाली जाऊन माझ्यासाठी तोलूनमापून पेज करायला लागल्या. तेव्हापासून ही बाई मला माझ्या माणसांतली वाटायला लागली.

आता काकीबद्दल सांगते, कारण बाईंना मी खऱ्या अर्थाने ओळखलं ते काकीच्या बावीपाशी. बाव म्हणजे विहीर.

बाईंच्या परसाच्या दगडी गडग्यापलीकडे, पायवाट ओलांडली की काकीचं घर. काकी विधवा, वयाने बाईंपेक्षाही मोठी. तिच्या खळ्याशेजारची बाव म्हणजे वाडीचं पाणी. पायऱ्यांची, चिऱ्याची, गोड पाण्याची. सकाळ-संध्याकाळ बायका तिथे यायच्या, आणि काकी पायरीवर बसून कुणाची सून, कुणाचा ताप, कुणाच्या काजी किती उतरल्या, असा सगळ्या वाडीचा कारभार बघायची. काकीच्या मुलाने परसात होड्यांची इंजिनं दुरुस्त करायची शेड घातली. इंजिनाचं काळं तेल तो मागच्या खड्ड्यात ओतत राहिला. एका पावसाळ्यात ते तेल जमिनीतून बावीत उतरलं. पाण्यावर रंगीत तवंग, कळशीला वास. वाडी बोल बोल बोलली आणि बावीकडे पाठ फिरवून रस्त्यावरच्या नळावर जाऊ लागली. मुलगा लाजेने गोव्याला निघून गेला. काकी एकटी, आणि समोर ती रिकामी बाव.

काकी एक दिवस गडग्याशी येऊन बाईंना म्हणाली, "बाय, तू म्हणे इषारी पाण्यातला काम केलंलंस. माजी बाव धुवन दी. माज्या डोळ्यादेखत थंय बायो पाणी भरूक येवंक व्हयी, मगे मी मेलंय तरी चलात."

बाईंनी काम अंगावर घेतलं आणि मग काय विचारता. शेड उठवली, तेल प्यायलेली माती उकरली, पंप लावून बाव पुनःपुन्हा उपसली, आणि उपसलेलं पाणी करवंटीच्या कोळशाच्या थरांतून गाळलं. कोळसा तेल धरून ठेवतो. पण मग तो तेलकट कोळसा आणि ती माती टाकायची कुठे? कुणी म्हणालं, खालच्या ओढ्यात, व्हाळात सोडा. बाईंचा चेहरा असा झाला की त्या माणसाने आपणहून वाक्य मागे घेतलं. "कचरा नाहीसा होत नाही," त्या म्हणाल्या, "तो जागा बदलतो. जागा आपण ठरवायची आणि ती विसरायची नाही." आणि जागा ठरवली कुठली, तर स्वतःचं परसू. माती-कोळसा सिमेंटमध्ये कालवून पिंपांत ओतला, पिंपं घट्ट बंद केली आणि फणसाखाली रांगेने उभी केली. त्यांच्या जुन्या कारखान्यात सौम्य कचऱ्याचं असंच करत. मग काय, बाजारात बातमी पसरली, की फिल्टरबायने मुंबईहून अणुबॉम्ब आणून फणसाखाली ठेवलेत. त्या वर्षी आमच्या फणसाला कुणी हात लावला नाही. आम्ही दोघींनी खाऊन खाऊन पोट बिघडवून घेतलं.

बाई त्या पिंपांशेजारी खुर्ची टाकून चहा पीत. किरणोत्सारी सीझियमच्या गोष्टी सांगत. ते निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात. "मी नोकरीला लागले तेव्हा भरलेली पिंपं, मी निघाले तेव्हा जेमतेम निम्मी झाली होती," असं त्या सांगत आणि वर म्हणत, "मी मात्र दुप्पट झाले." हा त्यांचा एकुलता एक विनोद. तोही दरवेळी त्याच मापाचा.

बाव धुतली खरी, पण पास होईना. बाई महिन्यातून एकदा काकीला दिवस सांगून ठेवत. त्या दिवशी सकाळी आम्ही दोघी जाऊन पायऱ्यांशी पाणी भरून घ्यायचो. मग मागच्या पडवीत तपासणी. पेट्रोलसारखा वास येणारं एक द्रव्य पाण्यात घालून हलवायचं, पाण्यातलं तेल त्यात उतरतं. ते द्रव्य उडवून लावलं की काचेच्या बशीत तेल तेवढं उरतं, त्याचं वजन करायचं. कोऱ्या पाण्याची बशी दरवेळी लख्ख. काकीच्या पाण्याच्या बशीत दरवेळी थोडंसं तेल. थोडंसंच, पण असायचं. काकी गडग्याशी उभी असे. बाई जाऊन सांगत, "नाय काकी, अजून नाय." काकी पदराने तोंड पुसायची आणि जायची. मी बाईंना म्हणायचे, अहो, इतकंसं तर आहे, सांगून टाका ना चांगलं आहे म्हणून, म्हातारी आनंदेल तरी. बाई माझ्याकडे अशा बघत, जणू मी तोंडाने पिपेट ओढली. पुन्हा बाव उपसायची, पुन्हा कोळसा, पुन्हा नाय. काकी खंगत चालली होती, डोळ्यांना दिसत होतं. बाईंनाही दिसत होतं. त्या मिस्साहून आल्या की आजकाल थेट पडवीत जाऊन बशा घासत बसायच्या.

मग पौषातली थंडी आली. आमच्याकडे थंडी ती कितीशी, पण कट्ट्याला डोंगराच्या कडेने पहाटे चांगलं अंग काकडतं. आदल्या संध्याकाळी बशी पडवीत ठेवली होती. सकाळी वजन करायला गेलो तर बशीच्या तळाला पातळ पांढरी साय.

बाई बघतच राहिल्या. मग सरळ माझ्या माडीवर गेल्या आणि चिठ्ठी लावलेली माझी खोबरेलाची बाटली घेऊन आल्या. ती पण तशीच थिजलेली, पांढरी. दोन्ही शेजारी ठेवल्या. इंजिनाचं तेल असल्या थंडीत थिजत नाही. कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं थंडीत काय थिजतं ते.

"तेल आहे हे मोजलं मी," बाई हळूच म्हणाल्या. "कुठलं तेल, ते विचारलंच नाही."

पण खोबरेल बावीत आलं कुठून? त्याचा तपास लावायला बाईंनी पुढच्या महिन्याचा दिवस काकीला नेहमीसारखा सांगितला, आणि आदल्या दिवशी तिन्हीसांजेला मला घेऊन बावीवर गेल्या. काकी खाली पायऱ्यांवर होती. पाण्याच्या वरच्या अंगाला चिऱ्यात एक कोनाडा आहे, त्यात तिने पणती ठेवली होती. घरच्या नारळाचं तेल, काठोकाठ भरलेलं. कोनाडा जुना, पुढे झुकलेला. पणतीतून तेलाची बारीक धार चिऱ्यावरून ओघळत होती आणि थेट पाण्यात उतरत होती, बरोबर आम्ही बाटली बुडवतो तिथे. पाण्यावर तवंग चमकत होता. तोच तवंग आम्ही दर महिन्याला सकाळी बघायचो आणि इंजिनाचा म्हणायचो.

आम्हाला बघून काकी ओशाळली. पहाटे उठून ती पणती काढून ठेवायची, बाय ख्रिस्तांव, तिला आवडेल न आवडेल म्हणून. "तू उद्या येतलंस म्हणान लायलंय गो," ती म्हणाली. "देवाक सांगी होतंय, आता तरी पाणी पास कर."

इतके महिने म्हातारी पाणी पास व्हावं म्हणून दिवा लावत होती आणि त्या दिव्यानेच पाणी नापास होत होतं. हे तिला सांगायचं कसं? आणि सांगणार कोण, तर बाई! ज्यांना आकडा एक केसभर इकडचा तिकडे करता येत नाही, त्या बाई. मी त्यांचा हात धरणार, तेवढ्यात त्या पायऱ्या उतरून काकीच्या शेजारी जाऊन बसल्या.

"काकी," त्या म्हणाल्या, "तुमचा मागणां पाण्यात पोचलां. माज्या तपासात दिसलां माका. मी माज्या डोळ्यांनी बघलंय."

काकी त्यांच्याकडे बघत राहिली. "खरांच दिसलां?"

"खरांच. आता परत परत सांगूक नको. ह्येच्या फुडे दिवो तुळशीकडे लावा."

काकीने विचारलं, किती दिसलां? आणि बाई त्या बाईच. त्यांनी लिटराला किती मिलिग्रॅम तो आकडा दशांशासकट सांगितला. काकीला मिलिग्रॅम म्हणजे काय ठाऊक असणार? पण आपलं मागणं मोजून आलं याचंच तिला केवढं अप्रूप. तिने पणती उचलली, पदराआड धरली आणि तुळशीकडे घेऊन गेली.

परत येताना मी म्हटलं, बाई, तुम्ही तिला सांगितलं नाहीत. "सगळं सांगितलं," त्या म्हणाल्या, "खोटं एक अक्षर नाही." गडग्याशी आल्यावर मात्र थांबल्या. "तिची चूक नव्हती गो. तवंग दिसला आणि मी ठरवून टाकलं, पोराचंच तेल. माझं कोरं पाणी कोरं होतं, माझं मन नव्हतं. तिचे एवढे महिने मी खाल्ले." असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. त्या रडत होत्या. वजा करायला मी काही सुचवलं नाही.

पुढची बशी लख्ख निघाली. त्याच्या पुढचीही. बाईंनी वाडीत घरोघर जाऊन, प्रत्येक उंबऱ्यावर हात पुढे करून उभं राहून, सांगितलं की बाव चांगली झाली. बायका बरां बरां म्हणाल्या आणि नळावर रांगा लावत राहिल्या. वरच्या घरातली वयनी, जिच्या मागोमाग बाकीच्या जात, तिने बाईंना गाठून सांगितलं, तुम्ही सगळ्यांसमोर पेलाभर पिऊन दाखवा, मग आम्ही येतो. बाई म्हणाल्या, "मी प्यायले तर मला तहान लागली होती, एवढंच सिद्ध होईल." कपाळ माझं! हे काय उत्तर झालं? वाडीने त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. फिल्टरबाय स्वतः प्यायला तयार नाही, म्हणजे काहीतरी आहे.

काकीला हे कळलंच. ती आता पायरीवरही बसेना. घराच्या दाराशी बसायची, बावीकडे पाठ करून. बाई दोन दिवस तिला तशी बघत होत्या. मी बोलून बोलून थकले, की बाई, एक पेला प्या ना, काय जातं? त्या म्हणाल्या, तो तपास नव्हे, तमाशा आहे, आणि मी काकीच्या पाण्याचा तमाशा करणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी परसात आमच्या बावीचा पंप लावून माडांना पाणी घालत होते. बाई मागच्या दाराने बाहेर आल्या. डोक्यावर चुंबळ, कमरेवर तांब्याची कळशी. मी त्यांना जन्मात कळशी घेतलेलं बघितलं नव्हतं. चुंबळ वाकडी, कळशी चुकीच्या बाजूला, पण चालल्या आपल्या ताठ मानेने, भर पायवाटेवरून, सगळ्यांच्या दारांसमोरून लांबचा फेरा घेऊन काकीच्या बावीकडे. काकी दारातून उठली. बाईंना कळशी बुडवता येईना म्हणून काकीने स्वतः ती बुडवून दिली आणि कशी उचलायची ते दोनदा करून दाखवलं.

परत येताना त्या अर्ध्या भिजल्या होत्या. वयनी वाटेत केरसुणी घेऊन उभी होती, ती बघतच राहिली. तिने विचारलं, बाय, तुमच्या परड्यात बाव असताना हयसून पाणी कित्याक?

बाई थांबल्या. "आमची बाव आटली," म्हणाल्या.

वयनीने गडग्यावरून आमच्या परसात बघितलं. मी तिथे पाइप धरून उभी होते आणि आमच्या बावीचं पाणी त्यातून धो धो वाहत होतं. माझे पाय चिखलात बुडाले होते. मी घाईघाईने पाइप मुडपून पाठीमागे धरला. बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. कळशी सावरत त्या वयनीसमोर तशाच उभ्या होत्या, कान लालबुंद झालेले.

वयनी माझ्याकडे बघत होती, मग बाईंकडे, मग पलीकडे दारात उभ्या असलेल्या काकीकडे.

"होय तर," ती म्हणाली, "आमचो नळ पण आज इलो नाय." आणि केरसुणी टेकवून ती कळशी आणायला घरात गेली.